भिण्याचा अपराध

महाभारताच्या आदिपर्वात, मुख्य कथेला अजून आरंभही झालेला नसताना, एका कुत्र्याच्या पिलाला मार बसतो. कुरुक्षेत्रावर जनमेजय राजाचे दीर्घसत्र चालू असते. तेथे सरमा नावाच्या देवशुनीचा पुत्र येतो आणि राजाचे भाऊ त्याला बडवून हाकून देतात. पिलू रडत आईकडे जाते. आईचे पहिले बोलणे मोठे मार्मिक आहे. ती त्याला पोटाशी धरून लगेच राजाला दोष देत नाही. तूच काही अपराध केला असशील, असे ती म्हणते. पिलू सांगते की मी हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, त्याला तोंडही लावले नाही. तेव्हा सरमा यज्ञमंडपात जाऊन जाब विचारते. राजबंधूंना उत्तर देता येत नाही. ज्याअर्थी तुम्ही निरपराध्याला मारले, त्याअर्थी तुमच्यावर न दिसणारे भय ओढवेल, असा शाप देऊन ती निघून जाते; आणि तो सार्वभौम राजा त्या शापाने इतका अस्वस्थ होतो की त्याच्या निवारणासाठी योग्य पुरोहित शोधीत हिंडतो.

या कथेतील दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. दंडापूर्वी अपराध कोणता हे सांगता आले पाहिजे, हा न्यायाचा मूळ नियम येथे एका कुत्रीच्या तोंडून वदविला आहे, ही पहिली. दुसरी अधिक खोल आहे. निरपराध्याला मारणाऱ्यासाठी कथाकाराला जी कठोर शिक्षा सुचली ती मृत्यूची नव्हे, राज्यनाशाची नव्हे, तर अदृष्ट भयाची होय. ज्या भयाचे कारण दिसत नाही, ज्याच्याशी लढता येत नाही आणि ज्यापासून पळावे कोठे हेही कळत नाही, त्या भयाहून मोठी शिक्षा त्याला ठाऊक नव्हती. राजाला जो शाप मिळाला तीच कुत्र्याच्या लहान पिलाची नित्याची स्थिती असते, हे मात्र आपल्या सहसा लक्षात येत नाही.

मध्यमवर्गीय कुटुंबात हल्ली कुत्र्याचे पिलू येते ते बहुधा मुलांच्या हट्टाखातर. पहिले आठ दिवस कौतुकात जातात. पुढे केव्हा तरी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते, आणि ते तीन महिन्यांचे गोजिरवाणे पिलू अंग चोरून, मागे मागे सरत, शिट्टीहूनही कर्कश आवाजात भुंकू लागते. हातातून ताट निसटले, जिन्यावर अनोळखी पाऊल वाजले, शेजाऱ्याने दार आपटले, पत्र्यावर वाळलेली फांदी पडली, की तोच प्रकार. दिवाळी तोंडावर आली म्हणजे तर घराला स्वस्थता उरत नाही. मग निकाल दिले जाऊ लागतात. आजोबा म्हणतात, जातच भित्री निघाली. वडील म्हणतात, लाडाने डोक्यावर चढून बसले आहे. आणि कोणी तरी वर्तमानपत्राची सुरळी करून त्याच्या नाकाडावर हाणतो. या तिन्ही निकालांत एकच समजूत गृहीत धरलेली आहे : भुंकणे हा पिलाचा दोष असून त्याने मनात आणले तर ते भुंकणार नाही. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या समजुतीचा. भय हा अपराध होऊ शकतो काय? आणि होत नसेल, तर भ्यालेल्या जीवासंबंधी आपले कर्तव्य कोणते? हा प्रश्न वरवर कुत्र्यापुरता दिसतो खरा. पण ज्या घरात मुले वाढत आहेत त्या घराला तो तेवढ्यापुरता ठेवून भागणार नाही.

प्रथम, घडते काय ते पाहू. कुत्र्याचे पिलू जन्मतः जसे आंधळे तसेच बहिरेही असते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्याचे कान उघडतात, आणि मोठा आवाज होताच दचकणे हीच त्याला ऐकू येऊ लागल्याची पहिली खूण असते. हे दचकणे विचाराचे फळ नव्हे. कानापासून निघालेली वर्दी मेंदूच्या बुडाशी असलेल्या थोड्याशा चौक्या ओलांडून परस्पर स्नायूंना पोचते. मान आखडते, डोळे मिटतात, अंग आकसते. हे सर्व सेकंदाच्या काही शतांशांत उरकते, आणि आवाज कशाचा होता याचा निवाडा करणाऱ्या भागाला बातमी कळते ती त्यानंतर. मनुष्यातही रचना हीच आहे. शिवाय कुत्र्याचे कान आपल्याहून तिखट. मनुष्याला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा स्वर ऐकू येतो. कुत्र्याला सुमारे ४५,००० कंपनांपर्यंतचा येतो. तेव्हा पिलू ‘उगाच’ भुंकले असे आपण म्हणतो त्या वेळी पुष्कळदा एवढेच खरे असते की, त्याने जे ऐकले ते ऐकण्याची आपल्या कानांना शक्ती नव्हती.

दचकण्यामागून दुसरी गोष्ट येते. पिलू कान टवकारते, मान वळवते, क्षणभर निश्चल राहते. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी आपल्या कुत्र्यांमध्ये ही क्रिया बारकाईने पाहिली आणि तिला ‘हे काय आहे?’ ची प्रतिक्षिप्त क्रिया असे मोठे अन्वर्थक नाव दिले. म्हणजे भयाच्या पोटी आधी एक प्रश्न असतो. प्रश्नाला उत्तर मिळाले तर भय तेथेच विरते. न मिळाले तर ते वाढते. डार्विनने ‘डिसेंट ऑफ मॅन’ या १८७१ च्या ग्रंथात आपल्या घरच्या कुत्र्याची एक हकीकत दिली आहे ती येथे अगदी चपखल बसते. कुत्रा चांगला वाढलेला, समंजस. उन्हाळ्याच्या शांत दिवशी हिरवळीवर पडला होता. थोड्या अंतरावर एक उघडी छत्री ठेवलेली होती आणि मधूनच येणाऱ्या वाऱ्याच्या झुळकीने ती हलत होती. छत्री हलली की तो गुरगुरे आणि भुंके. डार्विनचे म्हणणे असे की, छत्रीजवळ कोणी उभे असते तर कुत्र्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. कर्ता दिसत नाही आणि क्रिया मात्र घडते, तेव्हा कोणी तरी अनोळखी सजीव येथे असला पाहिजे, असा काहीसा तर्क त्याच्या मनात नकळत चालला असावा.

आपल्या वेदान्त्यांनी दोरीवर भासणाऱ्या सापाचा दृष्टान्त सांगितला आहे. अंधुक प्रकाशात दोरी साप होते. परंतु त्या खोट्या सापाने सुटणारा घाम खरा असतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस ही म्हण आपण हसण्यासाठी वापरतो. पण पाठीशी लागलेला राक्षस खोटा असला तरी भित्याची धाप खोटी नसते. घरातल्या वडील माणसांना कुकरची शिट्टी ही वरण शिजल्याची खूण आहे, कारण त्यांनी ती हजारो वेळा ऐकली आहे. पिलाच्या लेखी तो भिंतीआडून आलेला, धनी नसलेला एक चीत्कार आहे. त्याच्या सगळ्या जगात अशा हलणाऱ्या छत्र्याच भरलेल्या आहेत. ते भुंकते तेव्हा ‘कोण आहे ते?’ असे विचारते, ‘दूर हो’ असे बजावते आणि आपल्या माणसांना हाकही मारते. मागे सरत सरत भुंकणाऱ्या पिलाकडे नीट पाहिले तर या तिन्ही गोष्टी त्याच्या अंगावर वाचता येतात. तोंड शत्रूकडे असते, भार मागच्या पायांवर असतो आणि डोळे मधूनच आपल्याला शोधीत असतात.

आता या भयात पिलाचे स्वतःचे कर्तृत्व किती, ते पाहावे. प्रौढ लांडगा क्वचित भुंकतो. त्याचाच वंशज असलेला कुत्रा पावलोपावली भुंकतो. हा फरक मनुष्याच्या सहवासात पडला. रात्री खुट्ट झाले की जागा होऊन ओरडणारा प्राणी मनुष्याला उपयोगी होता, म्हणून त्याने तो सांभाळला आणि त्याची पैदास केली. तेव्हा जो गुण म्हणून आपल्या पूर्वजांनी जोपासला तोच आपण, दारावर पाटी लावून, भिंती उंच करून झाल्यावर, दोष ठरवीत आहो. आनुवंशाचा दुसरा पुरावा सायबेरियातील आहे. तेथे १९५९ पासून बेल्यायेव्ह व त्यांच्या सहकारी ल्यूदमिला त्रूत यांनी रुपेरी कोल्ह्यांच्या प्रत्येक पिढीतून मनुष्याला कमीत कमी भिणारी पिले निवडून त्यांचा वंश वाढविला. थोड्याच पिढ्यांत मनुष्याला पाहून शेपूट हलविणारे कोल्हे निपजू लागले. धीटपणा हा असा बीजातून उतरणारा असेल, तर एका पोटच्या चार पिलांत एक भित्रे निघावे यात नवल ते काय? ठेंगण्या मुलाला ठेंगणे राहिल्याबद्दल कोणी छडी मारीत नाही.

बीजाइतकेच महत्त्व वेळेचे. अमेरिकेतील स्कॉट व फुलर या संशोधकांनी पुष्कळ वर्षे पिलांचे निरीक्षण करून १९६५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यावरून असे दिसते की, साधारणपणे तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिलाच्या परिचयाचा काळ होय. या अवधीत जी माणसे, जे प्राणी, जे आवाज त्याच्या अनुभवात सौम्यपणे येतात ते त्याच्या ‘घरचे’ होतात. पुढे येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला शंकेच्या उंबरठ्यावर थांबावे लागते. त्यापूर्वी १९६१ साली काही पिले मनुष्याच्या सहवासाविना कुंपणाच्या आत वाढविण्यात आली. चौदा आठवड्यांनंतर त्यांना माणसाळविण्याचा यत्न झाला तेव्हा ती रानटी जनावरांप्रमाणे बिचकून दूर पळाली. या काळात पिलाला कोठे ठेवावे, काय ऐकवावे, हे पिलू ठरवीत नाही. ते विकणारा ठरवतो, आणि मग आणणारा ठरवतो. पिंजऱ्यात किंवा अंधाऱ्या खोलीत वाढलेले पिलू आपण विकत घ्यावे आणि त्याला रस्त्याचे भय वाटते म्हणून त्याला दूषण द्यावे, हे तर्काला धरून नाही.

येथे कोणी म्हणेल, बीज असो वा वेळ असो, निश्चयाने भय जिंकता येते. त्याने डार्विनचाच दुसरा अनुभव वाचावा. १८७२ च्या आपल्या ग्रंथात तो सांगतो की, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एका विषारी सर्पाच्या पेटीच्या जाड काचेला तोंड अगदी भिडवून तो उभा राहिला. सर्पाने फणकारा मारला तरी हलावयाचे नाही असा त्याने पक्का निश्चय केला होता. सर्पाने काचेवर प्रहार केला मात्र, आणि हे महाशय क्षणार्धात हात-दोन हात मागे उडाले. काच जाड आहे हे त्याला ठाऊक होते, दंशाचा अनुभव त्याला कधी आला नव्हता, आणि निश्चय तर घटकेपूर्वीचाच होता. तरीही बुद्धी आणि इच्छा दोन्ही लुळ्या पडल्या. एका युगाची विचारदृष्टी बदलून टाकणाऱ्या पुरुषाला जे साधले नाही, ते तीन महिन्यांच्या पिलाने साधावे असे आपण म्हणत असतो.

या प्रश्नाचा नैतिक उलगडा, माझ्या मते, प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञांनी फार पूर्वी करून ठेवला आहे. रोमन ग्रंथकार औलस गेलियस याने एक प्रसंग वर्णिला आहे. तो एका जहाजातून इटलीकडे येत असता रात्री भयंकर वादळ झाले. जहाजात एक नामांकित स्टोइक पंडित होता. वादळ शमल्यावर एका धनिक प्रवाशाने त्याला टोमणा मारला की, आम्ही सुखविलासी माणसे न घाबरता राहिलो आणि आपण तत्त्वज्ञ असून पांढरे कसे पडलात? पुढे गेलियसने एकान्तात विचारले तेव्हा त्या पंडिताने एपिक्टेटसच्या प्रवचनांचा दाखला दिला. त्याचा मथितार्थ असा : आकाशातून अकस्मात गडगडाट झाला, किंवा काही कोसळल्याचा आवाज झाला, तर ज्ञानी पुरुषाचेही मन क्षणभर हलते आणि त्याचा चेहरा उतरतो, कारण हा पहिला धक्का मनुष्याच्या सत्तेतला नाही. ज्ञानी आणि अज्ञानी यांतला भेद पुढच्या पावलाला पडतो. अज्ञानी त्या धक्क्याला ‘हे खरोखरच संकट आहे’ अशी संमती देतो. ज्ञानी ती देत नाही.

हा संमतीचा विचार हाती धरला म्हणजे अपराधाचा प्रश्न आपोआप सुटतो. पहिल्या धक्क्याबद्दल कोणालाही दोष नाही, मग तो तत्त्वज्ञ असो, शिपाई असो किंवा पिलू असो. दोष लागू शकतो तो संमतीला. ॲरिस्टॉटलनेही हेच वेगळ्या रीतीने सांगितले आहे. केवळ भय वाटले म्हणून मनुष्याची निंदा होत नाही, त्या भयाशी तो कसा वागला यावरून होते. पिलाची स्थिती या दृष्टीने कशी आहे? पहिला धक्का त्याला आपल्यासारखाच बसतो, किंबहुना अधिक जोराने बसतो. परंतु ‘हे संकट नव्हे’ असे स्वतःला सांगून संमती रोखून धरण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. सतराव्या शतकात देकार्तने प्राणी म्हणजे निव्वळ यंत्रे असे प्रतिपादन केले. त्या मताने पिलू दोषमुक्त होते खरे, पण त्याबरोबर त्याचे दुःखही नाहीसे केले जाते, आणि ज्याने आडोशाला थरथरणारे पिलू एकदा पाहिले आहे त्याला हे पटणे कठीण. खरी गोष्ट अशी की, दुःखाला पात्र पण दोषाला अपात्र असा हा जीव आहे. अशा जीवाला दिलेल्या शिक्षेतून न्यायाचा अंश वजा होतो आणि बाकी उरते ते केवळ दुःख.

यावर व्यवहारी मनुष्य आक्षेप घेईल की, शिक्षा ही दोषाबद्दल नसून वळण लावण्यासाठी आहे. चार फटके बसले की पिलू आपोआप गप्प होईल. या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, कारण तो पोकळ नाही. मारलेले पिलू पुष्कळदा गप्प होतेही. पण ते शिकले काय? १९२० साली वॉटसन व रेनर यांनी एका अकरा महिन्यांच्या बालकावर एक प्रयोग केला, जो आज कोणी करू धजणार नाही. त्या मुलाला पांढऱ्या उंदराचे भय नव्हते. त्याने उंदराला हात लावला की मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारून मोठा आवाज करावयाचा, असे काही वेळा केल्यावर ते मूल उंदीर दिसताच रडू लागले. भयाचा नियम असा आहे की, भयाच्या वेळी जे जवळ असेल त्याला ते चिकटते. आवाज झाला आणि धन्याचा हात उगारला गेला, तर पिलाच्या मनात शिट्टीचे भय उणे होत नाही. त्यात हाताच्या भयाची भर पडते. पूर्वी जग भयंकर होते आणि धनी आश्रय होता. आता आश्रयही गेला.

आणि ते गप्प बसणे? १९६७ साली सेलिगमन व मायर यांनी काही कुत्र्यांना असे विजेचे धक्के दिले की, ते चुकविणे त्यांना कोणत्याही उपायाने शक्य नव्हते. पुढे ती कुत्री अशा जागी ठेवली की, एक ठेंगणा अडसर ओलांडला तर धक्का टळावा. तरी त्यांतील बरीच कुत्री उठली नाहीत, कण्हत तेथेच पडून राहिली. दीर्घकाळ या स्थितीला ‘शिकलेली असहायता’ म्हणत असत. २०१६ साली त्याच दोघांनी आपल्या मताची फेरतपासणी करून सांगितले की, असहायता शिकावी लागत नाही. दीर्घ त्रासापुढे हतबल होणे हा प्राण्याचा मूळ धर्मच आहे, आणि अनुभवाने शिकले जाते ते उलट, म्हणजे आपल्या कृतीने काही टळू शकते हे. तेव्हा मार खाऊन निपचित पडलेले पिलू शहाणे झाले असे समजणे ही मोठी फसगत होय. शांतता आणि निर्भयता या दोन भिन्न वस्तू आहेत. दोरीवरचा साप काठीने मरत नाही; दोरी तुटेल, काठी मोडेल, पण साप राहील. त्यासाठी दिवाच लावावा लागतो.

दिवा लावावयाचा म्हणजे काय, याचे उत्तरही एका लहान मुलाच्या हकीकतीत आहे. मेरी कव्हर जोन्स या विदुषीने १९२४ साली पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याला सशाचे भय वाटे. मुलगा आवडीचे खात बसला असता ससा पिंजऱ्यात घालून खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवावयाचा. मग दिवसामागून दिवस थोडा थोडा जवळ आणावयाचा. मूल बिचकले तर मागे न्यावयाचा. अखेरीस पीटर सशाला कुरवाळू लागला. पिलाच्या बाबतीत जाणते लोक आज हीच रीत सांगतात. आवाज आधी दूरचा आणि हलका असावा. त्याच्या मागोमाग काही तरी गोड घडावे, खाऊ मिळावा, खेळ व्हावा. घरच्या माणसांनी स्वतः न दचकता आपले काम चालू ठेवावे. पिलाने दडून बसण्याची जागा निवडली तर तेथून त्याला ओढून काढू नये. जवळ घेतल्याने भय वाढते अशी एक समजूत आहे. पण भय हे बक्षिसाच्या आशेने केलेले कृत्य नसून ती एक अवस्था आहे, आणि धीर दिल्याने ती पोसली जात नाही. मात्र उलट टोकाला जाऊन घरातील सगळे आवाज बंद करणे, पिलाला कापसात गुंडाळून ठेवणे, हेही हिताचे नव्हे. आवाज टाळून जग कळत नाही. ससा खोलीत आणावाच लागतो. प्रश्न आहे तो अंतराचा आणि गतीचा. पिलाला ज्या संमतीचा विवेक नाही तो, ते आपले पाहून उसना घेते. घाबरावयाचे की नाही हे ते आपल्या तोंडाकडे पाहून ठरवीत असते.

येथवर वाचून शेजारी म्हणतील, पिलू निर्दोष ठरले, पण आमच्या झोपेचे काय? त्यांचे म्हणणे रास्त आहे. मनुष्याच्या झोपेचा हक्क इतका मोलाचा की, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ या वेळात आवाजाचे फटाके उडविण्यास मनाई केली. परंतु पिलाला दोष नाही याचा अर्थ कोणालाच दोष नाही असा नव्हे. दोष येथे नाहीसा होत नाही, त्याचे फक्त स्थलांतर होते. दिवसभर पिलाला सज्जात साखळीने बांधून कामावर जाणारा गृहस्थ, त्याला कधी रस्ता न दाखविणारे घर, आणि रात्री त्याच्या ओरडण्यावर पांघरूण ओढून घेणारा धनी, यांच्यापाशी विवेक आहे, संमती रोखण्याची शक्ती आहे, म्हणून दोषाची पात्रताही आहे. जर्मनीत बॉनजवळ १९१४ साली सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची एक दफनभूमी सापडली. तीत दोन मनुष्यांबरोबर सुमारे सात महिन्यांच्या एका कुत्र्याची हाडे आहेत. त्याच्या दातांवरील खुणांवरून संशोधकांनी असे अनुमान केले आहे की, ते पिलू गंभीर आजारी होते, आणि कोणी शुश्रूषा केल्याविना इतके दिवस जगले नसते. शिकारीला निरुपयोगी अशा आजारी पिलाजवळ त्या काळचा मनुष्य बसून राहिला. कुत्रा आपल्या दारी येऊन राहिला तो या भरवशावर. आपल्यावरचे ऋण तेव्हापासूनचे आहे.

आता मुलांकडे वळू. आपल्या घरांतून मुलाने जेवावे म्हणून, निजावे म्हणून, बाहेर जाऊ नये म्हणून बागुलबुवाला बोलाविण्याची जुनी चाल आहे. मूल भिऊ लागले की काम साधते. तेच मूल पाच वर्षांनी अंधाऱ्या जिन्यावरून एकटे जाईना, म्हणजे त्याच तोंडाने आपण त्याला भित्रा म्हणतो, चारचौघांत हसतो, आणि धीट व्हावे म्हणून अंधारात लोटतो. भय आपण पेरावे आणि पीक आले की मुलाला जबाबदार धरावे, असा हा व्यवहार आहे. पिलापेक्षा मुलाची स्थिती एका दृष्टीने बिकट आहे, कारण मुलाला भयाबरोबर लाजही वाटते. पिलू भुंकून मोकळे होते. मूल भय लपविण्यास शिकते, आणि लपविलेले भय पुढे आयुष्यभर अनेक सोंगे घेते. परीक्षेच्या वर्गात प्रश्नपत्रिका हाती पडताच पांढरी पडणारी हुशार मुले मी कित्येक वर्षे पाहत आलो आहे. त्यांतील पुष्कळांच्या भयाचे मूळ अभ्यासात नसून, चुकलेल्या उत्तरापाठोपाठ उगारल्या गेलेल्या कुठल्या तरी हातात असते.

प्रौढांसंबंधी मात्र निराळा न्याय लावला पाहिजे. पिलाला आणि बालकाला जी सवलत आहे ती आपल्याला नाही. कानावर आलेल्या वावड्या, कर्ता न दिसणारी एखादी कुजबुज, परक्या वस्तीतून ऐकू आलेला कसला तरी गलका, यांनी एकदा छाती धडधडली तर तो पहिला धक्का आहे; तो क्षम्य आहे. पण त्या धक्क्याला चौकशीविना संमती देऊन, हलणाऱ्या प्रत्येक छत्रीआड शत्रू बसला आहे असे ठरवून, समुदायाने ओरडत सुटणे, हे क्षम्य नाही. दिवा हाताशी असता जो तो लावीत नाही आणि दोरीला साप म्हणत काठी घेऊन धावतो, त्याने कुत्र्याच्या पिलाला अविचारी म्हणू नये. अविचारी म्हणवून घेण्यासाठी विचाराची शक्ती असावी लागते.

भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना करताना सर्वांआधी अभयाचा उल्लेख आहे. अभय या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एक आपण मिळवावयाचे, दुसरे आपण द्यावयाचे. पहिले अभय फार थोड्यांना साधते, आणि ते साधावयास जन्म अपुरा पडतो. दुसरे मात्र कोणत्याही घरात, कोणत्याही संध्याकाळी देता येते. त्याला ज्ञानाची थोरवी लागत नाही. भ्यालेला जीव ‘हे काय आहे?’ असे विचारीत आहे एवढे ओळखावे लागते, आणि रागावण्यापूर्वी त्याला उत्तर मिळेपर्यंत थांबावे लागते. कुकर उद्या सकाळी पुन्हा वाजणारच आहे. त्या वेळी पिलू आपल्याकडे पाहील. आपल्या तोंडावर त्याला काय वाचावयास मिळते, एवढाच भाग आपल्या हाती आहे, आणि जबाबदारीही तेवढ्याच भागाची आहे.